एका लिटरची पैज

कस्तुरा गेली हे भीमराजला कंपनीत कळलं. सकाळची शिफ्ट होती आणि तो लेथवर उभा होता. टाइम ऑफिसमधला दत्तोबा शेडच्या दारातून आत आला. एरवी तो दारातूनच हाक मारायचा. त्या दिवशी सरळ चालत जवळ आला आणि आधी त्यानं भीमराजचं मशीन बंद केलं. दुसऱ्याच्या मशीनला कुणी हात लावत नाही. भीमराजला तेव्हाच समजलं.

"दवाखान्यातनं फोन आलावता," दत्तोबा म्हणाला. "जास्त झालंय म्हणाले."

आपल्याकडं मरण असंच सांगतात. मेलं हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. जास्त झालंय, चला, एवढंच म्हणायचं. बाकीचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं.

दुपारी तिला पुण्याच्या दवाखान्यातून पिंपरीला चाळीत आणलं. काविळीनं ती इतकी वाळली होती की उचलणाऱ्यांना वजन लागलं नाही. बायकांनी तिला भिंतीकडेला निजवलं, उशाशी मेणबत्त्या लावल्या. भीमराज बाहेर ओट्यावर बसला. त्याच्या शेजारी जयसिंग बसला. जयसिंग त्याच्याच शेडमधला. सोयरीक जुळवायलाही तोच बरोबर गेला होता.

"कुरुळीला कळवायला पायजे," जयसिंग म्हणाला. "म्हातारी आल्याशिवाय उचलता यायचं न्हाई. आणि दिवस मावळायच्या आत व्हायला पायजे सगळं."

"मी जातो."

"तू बस. मी बघतो कुणाचा टेम्पो मिळतो का."

"तिला मीच सांगणार, जयसिंग."

जयसिंगनं त्याच्याकडं पाहिलं आणि वाद घातला नाही. कस्तुराची आई सोजरबाई कुरुळीत एकटी राहायची. नवरा आदल्या वर्षी गेलेला, आणि पोटाला ही एकच पोर. दवाखान्यात नेलं त्या दिवशी कस्तुरानं भीमराजला बजावलं होतं – मला कावीळ झालीय एवढं आईला सांगा, पण उतार आहे म्हणून सांगा. ती एकटी आहे, रात्र रात्र जागत बसेल. भीमराज तसंच सांगत आला होता. गेल्या रविवारीसुद्धा त्यानं म्हातारीच्या ओसरीवर चहा पिऊन तसंच सांगितलं होतं. ज्या तोंडानं उतार सांगितला त्याच तोंडानं हेही सांगायला हवं, असं त्याला वाटत होतं.

"बरं," जयसिंग म्हणाला. "पण तिथं लई बोलत बसू नको भावा. नुसतं जास्त झालंय म्हण. बायकांना समजतं. रडून घेऊ दे, मग आण गाडीवर बसवून."

भीमराजनं बुलेटच्या टाकीचं झाकण उघडलं, गाडी थोडी हलवली आणि पेट्रोल डुचमळल्याचा आवाज ऐकला. जाऊन येण्यापुरतं होतं. त्यानं किक मारली. चाळीतली पोरं एरवी त्या आवाजाला धावत यायची. आज कुणी आलं नाही.

ही बुलेट लष्करातून बाद झालेली. त्यानं ती देहूरोडच्या लिलावात घेतली होती. वरून काळा रंग मारला होता तरी टाकीखाली हिरवा दिसायचाच. गाडी जड, आवाज मोठा, आणि पेट्रोल पाण्यासारखं पिणारी. रस्त्यात कुठंही उभी केली की माणसं जमायची आणि एकच विचारायची – किती देते? लिटरला किती जाते, असं पुरं कुणी विचारत नाही. किती देते, बस. भीमराज सांगायचा, पस्तीस. देत होती पंचवीस. पण बुलेटवाले सगळेच पस्तीस सांगतात. खरं सांगितलं तर माणूस गाडीकडं बघायचं सोडून आपल्याकडं बघायला लागतो.

कस्तुरा त्याला भेटली ती याच खोट्यापायी.

दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. माण तालुक्यातून आलेला भीमराज पिंपरीच्या कंपनीत नुकता कायम झाला होता. खेडला एकाच्या लग्नाला जाऊन परत येत होता आणि कुरुळी फाट्यावर बुलेट फट् फट् करून बंद पडली. श्रावणातली भुरभुर चालली होती. फाट्यावरच्या चिंचेखाली एक मुलगी एसटीची वाट बघत होती. हातात रॉकेलचा रिकामा डबा. डोक्यावर पदर, पदरावर पावसाचे बारीक थेंब. तिनं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं, आणि मान फिरवली. पण कान इकडंच होते.

त्यानं झाकण उघडून टाकीत डोकावलं. आत कोरडं.

"पेट्रोल संपलं व्हय?" ती रस्त्याकडं बघतच म्हणाली.

"हो ना."

"किती देती?"

तोंडाला सवयच होती. "पस्तीस."

"पस्तीस देती," ती म्हणाली, "मग अशी मधीच का बसली?"

त्यानं डब्याकडं बोट दाखवलं. "तेवढा डबा देता का? चाकणला जाऊन पेट्रोल आणतो."

"रॉकेलचा हाय. तुमच्या गाडीला चालंल?"

"चालेल."

"आन मग मी रॉकेल कशात आनू? पेट्रोलच्या डब्यात? आमच्या आईच्या मिशा जळतील."

"तुमच्या आईला मिशा आहेत?"

ती ओठ दाबून हसली आणि डबा त्याच्या हातात दिला... कांद्याच्या ट्रकला हात करून तो चाकणला गेला, लिटरभर पेट्रोल घेऊन आला. तोवर तिची एसटी येऊन गेली होती. ती गेली नव्हती.

"डबा होता ना तुमच्याकडं," ती म्हणाली. "तो सोडून कशी जाऊ?"

त्यानं पेट्रोल टाकीत ओतलं. डब्याच्या तळाला रॉकेल होतं ते त्यात मिसळलं आणि गाडी चालू झाली तशी मागून हा धूर. तिनं पदर नाकाला लावला. वर फक्त डोळे राहिले, आणि ते त्याच्याकडं बघत होते.

"एक लिटर घातलं ना?"

"हो."

"इथनं पिंपरी किती?"

"सतरा."

"मंजी जाऊन येऊन चौतीस. पस्तीस देती म्हनता, तर उद्या ह्याच लिटरवर परत इथं या बरं. मी कंपनीतनं सुटून ह्याच वक्ताला उतरती. आलात तर खरे."

"आणि नाही आलो तर?"

"तर काय... न्हाई आलात तर न्हाई आलात," असं म्हणून ती गावाच्या वाटेला लागली. चार पावलं गेल्यावर वळून बघितलं. डबा तसाच रिकामा होता.

ती पिंपरीत औषधाच्या कंपनीत बाटल्यांना लेबलं चिकटवायच्या कामाला होती, हे त्याला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी आणखी थोडं पेट्रोल टाकून तो सरळ आला असता तर तिला काय कळणार होतं? जयसिंग त्याला तेच म्हणाला. "पावशेर टाक आणि जा की राव. पोरगी काय टाकीत उतरून बघणार हाय?" पण भीमराजला ते बरं वाटेना. पस्तीस हे खोटं होतं, पण पैज खरी होती. त्यानं गाडी इतकी हळू चालवली की भोसरीत सायकलवाले पुढं जायला लागले. मोशीच्या उताराला इंजिन बंद करून तशीच सोडली. इंद्रायणीच्या पुलावर पुन्हा चालू केली. रोजची पंचवीस देणाऱ्या गाडीनं त्या दिवशी जीव काढून तीस दिली, आणि चिंबळीला गप बसली.

तिथून त्यानं ती ढकलत आणली. वाटेत एक म्हातारा म्हणाला, "एवढी मोठी गाडी घेऊन पायीच निघालास व्हय?" पण तो थांबला नाही.

कस्तुरा चिंचेखाली उभी होती. बराच वेळ ती तिथं येरझाऱ्या घालत असावी, कारण चपला चिखलानं भरल्या होत्या. तो फाट्याच्या अलीकडं थांबला, घाम पुसला, शर्ट सारखा केला आणि मग गाडी हातानं धरून पुढं आला.

"आलो," तो म्हणाला.

गाडीजवळ आली आणि इंजिनावर तळहात टेकवला. गार होतं. हात तसाच ठेवून तिनं त्याच्याकडं बघितलं.

"कुठनं ढकलत आनली?"

"शेवटचं जरासं..."

"कुठनं?"

"चिंबळीपासून."

ती हसली. मोठ्यानं नाही. पण डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग म्हणाली, "खरं किती देती?"

"पंचवीस."

"मंग कालच पंचवीस म्हनला असता तर?"

"तर तू पैज लावली नसतीस."

त्याच्या तोंडून तू निघून गेलं होतं. दोघांनाही ते ऐकू आलं... तिनं इंजिनावरचा हात काढून घेतला, तळव्याला लागलेलं तेल बघितलं.

"पंचवीस काय वाईट हाय?" ती म्हणाली.

पुढं तो रोज फाट्यावर यायला लागला. एसटीतून ती उतरायची आणि दोघं चिंचेखाली थोडा वेळ बोलायचे. गावातलं कुणी दिसलं की ती मोठ्यानं विचारायची, "काय हो, दुरुस्त झाली का गाडी?" आणि हा म्हणायचा, "होतेय, होतेय." महिनोन्‌महिने एकच गाडी तिथंच बिघडते, हे कुरुळीला समजायला वेळ लागला नाही. गाव बुलेटला 'कस्तुराचा खटारा' म्हणायला लागलं.

दिवाळीनंतर भीमराज जयसिंगला घेऊन मागणी घालायला गेला. कस्तुराचा बाप कोंडीराम चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोणी शिवायचा. कमी बोलणारा, आखडू माणूस. ओसरीवर घोंगडी टाकली होती. दारात बुलेट उभी, तिच्याभोवती पोरं. कोंडीरामानं बराच वेळ तिकडं बघितलं, मग तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि विचारलं,

"किती देती?"

भीमराज ताठ बसला. आता खोटं बोलायचं नाही असं त्यानं ठरवलंच होतं. "पंचवीस देती."

"पंचवीस?"

"व्हय. हात जड असला तर मात्र बावीसवर येती."

कोंडीराम जयसिंगकडं बघायला लागला. "हात जड मंजी?"

"हात हलका ठेवावा लागतो मामा," भीमराज म्हणाला. "जोरात गेलं की लगेच कमी देती. उन्हाळ्यात तर विचारू नका."

"आन किती वर्सं चाललंय हे?"

"पहिल्यापासून असंच. जुनी आहे ना. लष्करातनं काढून टाकलेली."

कोंडीराम उठला. "सोजर," त्यानं आत हाक मारली, "च्या करू नको." मग पाहुण्यांकडं वळून म्हणाला, "जोरात काम केलं तर पगार कापनाऱ्या कंपनीत मी माझी पोर देनार न्हाई. ह्यापरीस गोनी शिवनारा बरा."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ कस्तुराचं हसणं. तिला ते दाबता येईना. सोजरबाई पदर तोंडाला लावून बाहेर आली. "अवो, तुमी कंपनीचं इचारलं, त्यानं गाडीचं सांगितलं." कोंडीरामानं सुपारी थुंकली. मग पुन्हा घोंगडीवर बसला, आणि सगळ्यांना चुकवून फक्त होणाऱ्या जावयाला हळूच म्हणाला, "पंचवीस मंजी कमीच हाय रं."

चहा झाला. माघात लग्न झालं. विहारात वंदना घेतली, कस्तुरानं पांढरी साडी नेसली होती. परत निघताना बुलेटवर मागं बसली आणि पांढऱ्या साडीला साखळीचं तेल लागलं. सोजरबाई हळहळली. कस्तुरा म्हणाली, "असू दे गं. आता रोजचंच हाय."

रोजचं झालं नाही. पेट्रोल महागलं तसं भीमराज कंपनीत सायकलनं जायला लागला. बुलेट आठवडाभर चाळीच्या भिंतीला टेकून असायची. रविवारी मात्र दोघं कुरुळीला जायचे. ती मागं बसून त्याच्या खांद्यावर हात ठेवायची आणि त्यानं जरा वेग वाढवला की खांदा दाबायची.

"हात हलका."

"अगं, अंधार पडेल."

"पडू दे. मला घाई न्हाई. तुमाला हाय?"

"मला कशाची घाई?"

"मंग जाऊ द्या की सायकलवाल्यास्नी पुढं."

पेट्रोल वाचायचं हे खरंच. पण तेवढ्यासाठी ती म्हणायची नाही, हे त्याला माहीत होतं. त्या चाळीत दोन खोल्यांत सहा माणसं राहायची. दोघांना दोघंच अशी जागा म्हणजे ही गाडी. हळू गेलं की ती जागा जास्त वेळ पुरायची. ती त्याच्या पाठीला टेकून कानाशी बोलायची... कंपनीतल्या बायकांचं, उद्याच्या भाजीचं, मूल झालं तर नाव काय ठेवायचं त्याचं. मूल झालं नाही. मग तेही बोलणं कमी झालं. हात मात्र खांद्यावर असायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात चाळीच्या नळाला गढूळ पाणी आलं. घरोघरी कावीळ झाली. बाकीचे उठले.

मोशीचा पूल ओलांडताना भीमराजच्या ध्यानात आलं की तो आजही तसाच हळू चालवत होता. आज कुणी खांदा दाबलेला नव्हता. त्याला पोचायचंच नव्हतं. पण दिवस कलत होता आणि चाळीत माणसं थांबली होती. त्यानं मूठ पिळली.

सोजरबाई अंगणात कांद्याचं रोप निवडत बसली होती. गाडीचा आवाज ऐकून तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"आज मंगळवार न्हवं?" ती म्हणाली. "सुट्टी हाय का?"

भीमराज गाडीवरून उतरला. जयसिंगनं सांगितलं होतं तसंच त्यानं सांगितलं. "मामी, जास्त झालंय. चला."

आणि तो थांबला. आता ती समजेल, खाली बसेल, मग आपण तिच्याजवळ बसू. रस्ताभर त्यानं एवढंच ठरवलं होतं.

सोजरबाई उठली. हात झटकले. "व्हनारच," ती म्हणाली. "कावीळ उतरताना एकदा जोर करतीच. ह्यांनाबी मागं एकदा केला व्हता, उठले की. तू म्हनालास ना रविवारी, उतार पडलाय म्हनून? मंग ही शेवटची उसळी." ती आत गेली आणि बोलत राहिली. "मी काल चिंबळीच्या वैदाकडनं मुळी आनून ठिवलीय. म्हनलं रविवारी देऊ. बरं झालं तू आलास. ताकाबरोबर घ्यायची. ताक हाय का घरात तुमच्या?"

"मामी—"

"राहू दे, मीच घेती."

तो दारातच उभा राहिला. आतून तिचं काहीतरी ठेवणं, काहीतरी शोधणं ऐकू येत होतं. मरण सांगायचे जे शब्द होते ते त्यानं सांगून टाकले होते. तिनं ते ऐकले होते आणि खरे धरले होते, अगदी जसेच्या तसे. आता दुसरे शब्द हवे होते, आणि ते तोंडाला सवयीचे नव्हते.

सोजरबाई धुवट लुगडं नेसून बाहेर आली. एका हातात ताकाचा गडू, त्यावर फडकं बांधलेलं. दुसऱ्या हातात मुळीची पुडी. दाराला कडी घातली. गाडीपाशी आल्यावर मात्र थबकली. एवढ्या वर्षांत ती बुलेटवर कधी बसली नव्हती.

"पडनार न्हाई न्हवं मी?"

"नाही पडणार."

"कस्तुरा कशी बसायची?"

"अशीच. एका बाजूला."

ती बसली. गडू मांडीवर धरला. रिकामा हात कुठं ठेवावा ते तिला कळेना. मग तिनं तो त्याच्या पाठीवर शर्टाला धरून ठेवला. भीमराज निघाला. फाट्यावर वळला, चिंबळी मागं टाकली. ती बोलत होती. पोरगी लहानपणी ताक कशी प्यायची नाही, नाक दाबून पाजावं लागायचं, तर आता कुणी नाक दाबायचं, नवऱ्यानंच दाबायचं. हे म्हणून ती हसली. त्यानं हं म्हटलं.

मोशी ओलांडल्यावर इंजिन अडखळलं. दोघांचं वजन, आणि जाताना त्यानं मूठ पिळलेली. त्यानं गाडी कडेला घेतली, वाकून कॉक रिझर्व्हवर फिरवला.

"काय झालं?" सोजरबाईनं विचारलं.

"काही नाही. पेट्रोल संपत आलं. रिझर्व्हवर घेतली."

"पोचंल न्हवं तिथवर?"

"पोचेल."

तो किकवर पाय ठेवून उभा राहिला. रस्ता रिकामा होता. मागं वळून बोलायला ही जागा चांगली होती. त्यानं मान वळवली. म्हातारी गडूवरचं फडकं सैल झालं होतं ते पुन्हा घट्ट बांधत होती.

"मामी," तो म्हणाला.

"चल बाबा लौकर. ताक आंबंल."

त्यानं किक मारली. भोसरी गेली. पिंपरीची धुराडी दिसायला लागली. चाळीच्या तोंडाला माणसं उभी होती, जयसिंग पुढं होता, आणि बुलेटचा आवाज ऐकून सगळे बाजूला झाले.

सोजरबाईला सांगायचं अजून राहिलं होतं.